आंब्याचा वास चक्क्यात, दुधात, शेकमध्ये जातो कुठे आणि तो टिकवायचा कसा

एप्रिल उजाडला की एकच तक्रार सगळीकडून ऐकू येते, आंबा कापला तेव्हा घरभर वास होता, रस काढला तेव्हाही होता, पण तोच रस चक्क्यात घालून आम्रखंड केलं की रंग मस्त येतो, गोडी येते आणि वास मात्र अर्धाच राहतो. मग लोक मँगो इसेन्सची बाटली आणतात. प्लीज ते करू नका. चांगल्या हापूसमध्ये इसेन्स घातला की आंबाही गेला आणि पैसेही गेले. बहुतेक वेळा वास उडून गेलेला नसतोच, तो त्याच भांड्यात असतो, फक्त दह्यातल्या प्रोटीनने आणि फॅटने त्याला धरून ठेवलेलं असतं, आणि धरलेला वास हवेत येत नाही त्यामुळे नाकापर्यंत पोचत नाही. हे कसं होतं ते एकदा कळलं की कुठलं फळ कशात घालायचं, कधी घालायचं आणि किती गार खायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आत काय चालतं ते बघू

फळाचा वास म्हणजे एकच पदार्थ नसतो, कितीतरी वेगवेगळ्या रेणूंचं मिश्रण असतं आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. हापूसचंच घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) हापूसच्या वासावर बरंच काम झालंय आणि त्यातून दिसतं की फळात ओसिमीनसारखी टर्पीन्स भरपूर असतात, कैरीपासूनच असतात, आणि फळ पिकायला लागलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन तयार होतात. टर्पीनकडून तो हिरवट, तरतरीत वास येतो, लॅक्टोनकडून मलईदार गोडसर, आणि फ्युरॅनोनकडून पाकासारखा, कॅरॅमलसारखा. याशिवाय थोडी अल्डिहाइड्स असतात, ती ताजेपणा देतात, आंबा नुकताच कापलाय असं वाटतं ते बरंचसं त्यांच्यामुळे.

आता दुधाकडे या. गाईच्या दुधात साधारण 3.3 टक्के प्रोटीन असतं, त्यातलं 80 टक्क्यांच्या आसपास केसिन आणि उरलेलं 20 टक्के व्हे, म्हणजे चक्क्याच्या पाण्यात जातं ते. व्हेमधलं जवळजवळ निम्मं एकटं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. 162 अमिनो आम्लांची साखळी गुंडाळून हा रेणू बनतो आणि त्याच्या मधोमध वाटीसारखी एक खोल पोकळी असते. या पोकळीला पाण्याचं वावडं आहे, तेलकट स्वभावाचे रेणू मात्र तिला चालतात. आणि वासाचे बरेचसे रेणू नेमके तेलकट स्वभावाचेच असतात, ते पाण्यात राहायला नाखूश असतात, मग जाऊन या पोकळीत बसतात. एकाच घराण्यातले रेणू घेतले तर ज्याची कार्बनची साखळी लांब तो जास्त घट्ट बसतो. ही पकड तात्पुरती आहे, काही मिनिटांत बसते आणि परिस्थिती बदलली की सुटतेही, म्हणजे तोंडात गेल्यावर लाळेने पातळ झालं, गरम झालं की त्यातले काही रेणू परत बाहेर पडतात.

दुसरी पकड कायमची, आणि नुकसान खरं हीच करते. अल्डिहाइड जातीचे रेणू प्रोटीनमधल्या लायसिन नावाच्या अमिनो आम्लाशी चक्क रासायनिक बंध बांधतात, काही जण सिस्टीनच्या गंधकालाही जाऊन चिकटतात. हे हळूहळू होतं, तासातासाने वाढत जातं. संत्र्याच्या सालीतला डेकॅनाल, लिंबातला सिट्रल, बदामाच्या वासाचा बेंझाल्डिहाइड, एवढंच काय व्हॅनिलाचा व्हॅनिलिन, हे सगळे अल्डिहाइड. म्हणून बदाम इसेन्स किंवा व्हॅनिला घातलेलं जास्त प्रोटीनचं ड्रिंक पहिल्या दिवशी छान लागतं आणि ठेवून ठेवून मिळमिळीत होत जातं.

यातून लक्षात घ्यायचं ते हे की प्रोटीन सगळा वास सारखा कमी करत नाही. फ्युरॅनोन पाण्यात आरामात विरघळतो त्यामुळे त्याला प्रोटीनही फारसं धरत नाही आणि फॅटही नाही. म्हणजे आम्रखंडात पाकासारखी गोडसर बाजू शिल्लक राहते आणि वरची तरतरीत बाजू दाबली जाते. तोल बिघडतो. म्हणून "वास कमी झाला" असं वाटत असलं तरी आणखी रस ओतून उपयोग होत नाही, गोडसर बाजूच अजून वाढते आणि आम्रखंड पातळ होतं ते वेगळंच.

घरी करून बघा

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतःच्या नाकाने तपासा. एकसारखे चार ग्लास घ्या. पहिल्यात 100 मिली पाणी, दुसऱ्यात 100 मिली उकळून गार केलेलं दूध, तिसऱ्यात 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम बिनफ्लेवरची व्हे पावडर, चौथ्यात 100 मिली नारळाचं दूध. प्रत्येकात दोन चमचे आमरस, एकाच आंब्याचा, आणि एक चमचा साखर. ढवळा, वर ताटली झाका आणि अर्धा तास बाहेरच ठेवा, फ्रीजमध्ये नाही, कारण सगळ्यांचं तापमान एक असलं पाहिजे. मग एकेकाची ताटली किंचित सरकवून हुंगा, मध्ये थोडं थांबा, नाक लगेच थकतं. पाण्याचा ग्लास सगळ्यात पुढे असेल. व्हेचा ग्लास त्याहून बराच मंद. आता प्रत्येकाचा एक घोट घ्या आणि गिळल्यानंतर नाकाने श्वास सोडा, तेव्हा जो वास येतो तो खरा खाण्याचा वास. नारळाच्या दुधाचा ग्लास हुंगताना साधारण वाटतो पण गिळल्यावर आंबा बराच वेळ रेंगाळतो, हे नक्की बघा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तो रेंगाळतो कारण फॅट. लॅक्टोन, टर्पीन यांना फॅट प्रोटीनपेक्षाही जास्त धरतं, पण फॅटमधून ते हळूहळू सुटत राहतात. लो-फॅट पदार्थात वास एकदम भपकन येतो आणि लगेच संपतो, फुल फॅटमध्ये कमी जोराने येतो पण टिकतो. फॅट नाही आणि प्रोटीन मात्र भरपूर असा पदार्थ असला की दोन्हीकडून तोटा, आणि हल्ली हेल्दी म्हणून नेमकं तेच केलं जातं, झिरो फॅट ग्रीक योगर्टमध्ये आंबा.

आपल्याकडे आमरसात चमचाभर तूप घालतात ते मला या सगळ्यात फार आवडतं. तुपाच्या स्वतःच्या वासात डेल्टा-डेकालॅक्टोन असतो, हापूसमध्येही लॅक्टोनच आहेत, म्हणजे तूप आंब्याचा वास धरूनही ठेवतं आणि त्याच्याच घराण्यातला वास वरून देतं. नारळाचंही तेच, नारळाचा वास म्हणजे मुख्यतः डेल्टा-ऑक्टालॅक्टोन आणि डेल्टा-डेकालॅक्टोन. आंबा-नारळ जोडी जमते ती उगाच नाही.

आम्रखंड करताना

दूध म्हशीचं किंवा फुल क्रीम घ्या, 6 टक्के फॅटचं. टोन्डमध्ये 3 टक्के असतं, त्याचा चक्का जमतो पण वास टिकायला आधार नाही. दूध उकळतो तेव्हा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडतं आणि केसिनला जाऊन चिकटतं, त्यामुळे दही घट्ट लागतं हा फायदा, पण ते चक्क्याच्या पाण्याबरोबर पूर्ण निघून जात नाही हे लक्षात ठेवा, चक्क्यात प्रोटीन दुधाच्या दुप्पट-तिप्पट होऊन बसतं. लिटरभर दह्याचा साधारण 400 ग्रॅम चक्का पडतो. पंच्यात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर टांगा, बाहेर टांगलात तर आंबट होतो. थोडा आंबटपणा मात्र हवाच, कारण आंबट माध्यमात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची पकड सैल असते आणि अल्डिहाइडचा लायसिनशी बंधही नीट जुळत नाही. गोड्या दुधापेक्षा दह्यात फळ जास्त फळासारखं लागतं त्याचं एक कारण हे आहे, आणि आंबट चव असली की जिभेला फळ जास्त जाणवतं हे दुसरं.

आता क्रम. बहुतेक जण चक्का, साखर, रस सगळं एकत्र करून पुरणयंत्रातून काढतात. त्यापेक्षा आधी फक्त चक्का आणि पिठीसाखर एकत्र करा, 400 ग्रॅम चक्क्याला 150 ग्रॅमच्या आसपास, आंबा किती गोड आहे ते बघून कमी करा, आणि हे पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढून घ्या. साखर विरघळू द्या, अर्धा तास तरी. साखर पाण्याला स्वतःकडे ओढते आणि मोकळं पाणी कमी झालं की वासाचे काही रेणू हवेकडे ढकलले जातात, हे आपल्या फायद्याचं. मग दोन चमचे घरची मलई घ्या आणि रसाचा साधारण निम्मा भाग त्या मलईत आधी मिसळा, चांगला घोटा, दहा मिनिटं तसाच ठेवा. लॅक्टोन आणि टर्पीन फॅटमध्ये गेले की मग ती मलई चक्क्यात घाला. म्हणजे प्रोटीनशी गाठ पडायच्या आधी वास फॅटच्या ताब्यात असतो आणि तिथून तो खाताना सुटतो. उरलेला निम्मा रस वाढायच्या तासभर आधी घाला, हलक्या हाताने, फेटू नका, फेटलं की वास हवेत जातो. एकूण रस 200 ग्रॅम पुरतो.

आणि थोड्या फोडी बाजूला ठेवा. फोड अख्खी असली तर तिच्या आतला वास प्रोटीनला भेटतच नाही, तो दाताखाली फुटतो. माझ्या मते सगळ्या उपायांत सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त फरक पडणारा हाच आहे, कुठल्याही फळाला चालतो. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाल्लं असेल तर आठवून बघा, फळ अख्खं किंवा मोठ्या तुकड्यात, क्रीममध्ये फॅट भरपूर आणि प्रोटीन नावापुरतं, आणि समोर भरलं की लगेच खायचं. स्ट्रॉबेरीचा वास मुख्यतः इथाइल ब्युटानोएटसारख्या छोट्या एस्टरवर (फळांना गोडसर वास देणारे रेणू) चालतो, ते चटकन उडतात, म्हणून मिक्सरमध्ये फिरवून रात्रभर ठेवलेल्या स्ट्रॉबेरी श्रीखंडात रंगच उरतो.

वेलची आणि जायफळ घालायचं ते शेवटी, ताजं कुटून. वेलचीतला सिनिओल थंडगार, तरतरीत वासाचा असतो, आंब्याची जी वरची बाजू दाबली गेली ती जागा तो थोडीफार भरून काढतो. चिमूटभरच, नाहीतर वेलचीखंड होईल.

डब्यातला पल्प वापरणार असाल तर तो आधीच गरम करून भरलेला असतो, त्यातली हलकी टर्पीन्स कमी झालेली असतात आणि एक शिजट वास असतो. त्यात एखादा ताजा आंबा किसून घातला तरी बराच फरक पडतो.

आम्रखंड वाढताना फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर राहू द्या. 4 डिग्रीला वासाचे रेणू हवेत यायला तयार नसतात, 15 डिग्रीच्या आसपास तेच आम्रखंड वेगळं लागतं. फार वेळ मात्र ठेवू नका, मे महिना आहे.

बाकीची फळं

केळ्याचं शिकरण हे खायच्या पाच मिनिटं आधी करायचं प्रकरण आहे. केळ्याचा ओळखीचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, तो एस्टर, त्याला दूध फार धरत नाही पण तो उडतो. केळ्यातली हिरवट ताजी अल्डिहाइड्स मात्र दुधात हळूहळू बांधली जातात. म्हणून ताजं शिकरण आणि दुपारचं शिकरण यात जमीन-अस्मानाचा फरक, काळं पडणं ही वेगळी गोष्ट.

संत्रं, मोसंबी, लिंबू यांचा वास रसात कमी आणि सालीत जास्त. सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन, पण संत्र्याची ओळख पटते ती त्यातल्या थोड्याशा ऑक्टॅनाल, डेकॅनाल या अल्डिहाइड्समुळे, आणि तीच प्रोटीन पकडतं. त्यामुळे चक्क्यात किंवा पनीरच्या मिठाईत संत्रं घालायचं असेल तर सालीचा फक्त केशरी भाग किसून, साखरेत बोटांनी चोळून ठेवा, साखर ओलसर आणि सुगंधी होते, आणि ती साखर अगदी वाढताना वरून घाला. आदल्या दिवशी नाही.

सीताफळ बासुंदीत, बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच. आटवून आटवून प्रोटीन वाढलेलं असतं हे खरं, पण सीताफळ गरम झालं की कडवट होतं हे त्याहून मोठं कारण.

अननस, पपई आणि किवी यांचा प्रश्न वेगळाच आहे, इथे फळच प्रोटीनवर हल्ला करतं. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन, ही सगळी प्रोटीन कापणारी एन्झाइम्स. दुधातलं केसिन कापलं गेलं की जे तुकडे पडतात त्यातले काही चांगलेच कडू असतात. अननस श्रीखंड दुसऱ्या दिवशी कडू आणि पाणीदार होतं ते यामुळे, आंबा संपल्यावर बरेच जण अननसाकडे वळतात म्हणून हे मुद्दाम सांगतेय. उपाय सोपा, अननसाचे तुकडे साखरेच्या पाकात पाच-सात मिनिटं उकळून पूर्ण गार करा, एन्झाइम मरतं. थोडा वास उकळताना जातो, त्याचा पाक टाकू नका, चक्क्यात तोच वापरा. पपईचा शेक करून लगेच प्या, ठेवायचाच नाही.

प्रोटीन शेकवाल्यांसाठी

व्हे पावडरचा 30 ग्रॅमचा एक स्कूप म्हणजे साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, 250 मिली पाण्यात घातलं की जवळजवळ 10 टक्के, म्हणजे दुधाच्या तिप्पट, आणि त्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनच मुख्य. यात अर्धा आंबा घालून वास येईल ही अपेक्षाच चूक. तीन गोष्टी करा. शेक पाण्यात करत असाल तर चमचाभर लिंबाचा रस घाला, व्हे आंबटपणाने फाटत नाही, फाटतं ते केसिन, त्यामुळे हे दुधातल्या शेकला करू नका. दोन चमचे नारळाचं दूध किंवा मूठभर भिजवलेले काजू वाटून घाला, वासाला फॅटचा आधार मिळतो. आणि फळ शेवटी, पावडर आधी पाण्यात फिरवून घ्या, मग फळ घालून दोन-चार सेकंदच फिरवा आणि प्या. जिमला जाताना सकाळी बनवून संध्याकाळी पिणार असाल तर फळ डब्यात वेगळं न्या.

सोया आणि वाटाण्याचं प्रोटीन अल्डिहाइड्सना व्हेपेक्षाही जास्त घट्ट धरतं. आणि त्याला स्वतःचा जो कच्च्या शेंगेसारखा वास असतो तो बराचसा हेक्झॅनालचा, तोही असाच प्रोटीनला चिकटून बसलेला, म्हणून धुऊन, तेल काढूनही पूर्ण जात नाही. इथे नाजूक वासाची फळं फुकट जातात, लिची, संत्रं वगैरे. पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं किंवा पिकून मऊ झालेला हापूस घ्या, त्यांचा गोडसर वास या शेंगवट वासावर मात करतो, जोडीला वेलची.

ज्यांना दूध चालत नाही त्यांनी प्रोटीन पावडरच्या मागे न लागता नारळाच्या दुधाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. घट्ट नारळाच्या दुधात फॅट 20 टक्क्यांच्या आसपास आणि प्रोटीन जेमतेम 2. कोकणातलं सांदण बघा, फणसाचा रस, तांदळाचा रवा, नारळाचं दूध, वाफवलेलं असूनही फणस कसा दरवळतो, वासाला अडवणारं प्रोटीन त्यात फारसं नाहीच.

राहिली कुल्फी. तिथे आटवलेलं दूध, म्हणजे प्रोटीन जास्त, आणि वर गोठवलेली, म्हणजे वास सगळ्यात जास्त दाबला जातो तो इथेच. मिश्रण चाखताना आंबा थोडा जास्तच वाटला पाहिजे, साखरही थोडी जास्त, कारण गारपणा दोन्ही कमी करतो. रस मिश्रण पूर्ण गार झाल्यावर, साच्यात भरायच्या आधी घाला, आणि साच्यातून काढल्यावर पाच मिनिटं थांबून, कडा जरा ओलसर झाल्या की मग खा.